टॅटू आणि पिअर्सिंग: खुर्चीत बसण्याआधी नेमकं काय बघायचं?

सांजवात
मुलगी १९ वर्षांची आहे. मनगटावर एक छोटा टॅटू आणि कानाच्या वरच्या कडेला, म्हणजे कूर्चेत, एक पिअर्सिंग असा तिचा बेत आहे. 'करू नकोस' म्हणायचे माझे दिवस गेले आणि ते ऐकायचे तिचेही गेले. त्यामुळे 'करावं की करू नये' यासाठी हा धागा नाही. ती करणार आहे.

काल एका ठिकाणी डोकावून आले. गार हवा, मंद संगीत, भिंतीवर फ्रेमा, सगळं चकाचक. मी विचारलं, "सुया नवीन असतात ना?" तो म्हणाला, "म्हणजे काय मॅडम, नवीनच." मी मान डोलावली आणि बाहेर पडले. पायऱ्या उतरताना डोक्यात आलं, तो दुसरं काय म्हणणार होता?

तर प्रश्न कोणते विचारायचे आणि मिळालेलं उत्तर खरं की थाप हे ओळखायचं कसं? ज्यांनी करून घेतलंय, ज्यांचं बिघडलंय, जे या कामात आहेत, सगळ्यांनी लिहा.

कोपरखळी
पहिल्या पाच प्रतिसादांत 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती' येणार. पैज.

अडाणी_आठ
आमच्या वेळी असली थेरं नव्हती.

(घ्या, जिंकलात.) आता गंभीरपणे. धाग्याचा विषय तो नाही हे मान्य. पण धडधाकट अंगाला आपणहून जखम करून घ्यायची आणि मग ती जखम सुरक्षित कशी होईल याची चौकशी करत फिरायचं, हे जरा उफराटं नाही का?

सांजवात
उफराटं आहेच हो. पण ती मला सांगून करतेय हेच माझ्यासाठी पुष्कळ आहे. न सांगता केलं असतं तर मला मनगट दिसल्यावरच कळलं असतं.

शाईफेक
११ वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे लिहिणं भाग आहे.

ताई, सुईचा प्रश्न विचारून हाती काही लागणार नाही. हल्ली सुया बहुतेक सगळेच नवीन वापरतात. सीलबंद पाकिटात येतात, महागही नसतात. घोटाळा होतो तो सुईच्या आजूबाजूला.

पहिली गोष्ट कार्ट्रिज. सुई ज्या छोट्या नळीत बसवलेली असते तिच्या आत एक पातळ पडदा असतो. हलक्या मालात तो नसतोच किंवा फाटका असतो. मग रक्त मिसळलेली शाई उलटी वर चढून मशीनमध्ये शिरते. पुढच्या गिऱ्हाइकाला सुई कोरी करकरीत, पण मशीनच्या पोटात मागच्याचं रक्त. म्हणून चांगल्या कार्ट्रिजशिवाय मशीन आणि वायर दोन्हींवर प्लास्टिकचं आवरण हवं आणि ते तुमच्यासमोर नवं चढवलेलं हवं.

दुसरी शाई. मोठ्या बाटलीतून ती अंगठ्याच्या नखाएवढ्या टोपणांत ओततात. काम संपलं की टोपणं उरल्या शाईसकट कचऱ्यात. उरलेली शाई बाटलीत परत ओतणारा माणूस दिसला तर चप्पल घाला आणि निघा. करडी छटा काढायला काळ्या शाईत पाणी घालावं लागतं, ते पाणी कुठलं हेही बघा. नळाचं नको, फिल्टरचं नको, प्यायच्या बाटलीतलं नको. निर्जंतुक म्हणून सीलबंद मिळतं तेच.

तिसरी गोष्ट हातमोजे. वरचं सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. मोजे घातले, काम सुरू झालं. मग दिव्याची मान वळवली, खुर्ची पुढे ओढली, स्प्रेची बाटली उचलली, परत कातडीवर हात. दिव्याची मूठ आणि बाटली प्लास्टिकने झाकलेली असेल तर ठीक. तेवढ्यात फोन थरथरतो. कलाकार तो करंगळीने उलटा करून नाव बघतो, परत पालथा ठेवतो आणि सुई हातात घेतो. एका सेकंदाचं काम. फोन कोणीच झाकत नाही.

हे बघायचं असेल तर दुसऱ्या कोणाचं काम चालू असताना जाऊन दहा मिनिटं बसा. बसू देत नसतील तर तेही उत्तरच आहे.

कोपरखळी
आयडी वाचून वाटलं राजकारणी असाल.

शाईफेक
तोंडावर काढत नाही अजून. मागणी आलीय मात्र दोनदा.

गॉज_पीस
शाईफेक यांना अनुमोदन. फोनबद्दल तर दोनदा.

मी रुग्णालयात, जिथे शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक होतात त्या विभागात आहे. त्यामुळे 'आमच्याकडे स्टरलायझर आहे' हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. कुठला स्टरलायझर? निळा दिवा लावलेलं काचेचं कपाट दाखवलं तर हसून सोडून द्या. तो अतिनील प्रकाश जिथे थेट पडतो तिथे थोडंफार काम करतो. बिजागरीत, खाचेत, सावलीत काही नाही. पाण्यात उकळणं नाही, स्पिरिटमध्ये बुडवून ठेवणं नाही. काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे कवचातली चिवट सुप्त रूपं, १०० अंशांच्या पाण्याला दाद देत नाहीत.

लागतो तो ऑटोक्लेव्ह. दाबाखालची वाफ, १२१ अंश सेल्सियसला किमान १५ मिनिटं किंवा १३४ अंशांना किमान ३. हत्यार त्यात पाकिटासकट जातं. पाकिटावरची खूण रंग बदलते. पण ऐका, ती खूण एवढंच सांगते की हे पाकीट यंत्रात जाऊन आलं. आतलं सगळं मेलं की नाही हे ती सांगत नाही. त्यासाठी स्पोअर टेस्ट करतात. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या चिवट जिवाणूचे बीजाणू मुद्दाम यंत्रात घालायचे आणि नंतर ते वाढतात का बघायचं. तो मेला तर बाकीचे मेलेच.

तेव्हा प्रश्न असा विचारा: "शेवटची स्पोअर टेस्ट कधी केली?" जो करत नाही तो चपापतो. जो करतो तो खूश होऊन वही काढतो. आमच्या कामाबद्दल कोणी विचारत नाही हो, घरचेसुद्धा नाहीत.

"आमचं सगळंच एकदा वापरून टाकायचं असतं, ऑटोक्लेव्ह लागतच नाही" हेही प्रामाणिक उत्तर असू शकतं. मग सुया टाकायचा जाड प्लास्टिकचा डबा कुठाय ते विचारा. मात्र पिअर्सिंगचा दागिना निर्जंतुक केलेला हवाच, तो काही टाकून द्यायचा नसतो.

बेरीजवजाबाकी
सगळं ठीक, पण धोका नक्की किती? आकड्यांत सांगा कोणीतरी. नाहीतर हे भुताच्या गोष्टींसारखं होतं.

रोमांच
त्वचारोगाची डॉक्टर आहे. (हो, आयडी मुद्दाम घेतलाय.)

टॅटूसाठी म्हणून एक आकडा देता येत नाही, कारण जागोजागचा फरक फार. पण अंदाज यावा म्हणून: दवाखान्यात काम करणाऱ्याला बाधित रुग्णाची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के. हेपेटायटिस बीची (यकृताला सूज आणणारा विषाणू), लस घेतलेली नसेल तर, ६ ते ३० टक्के. ही पोकळ सुयांची गोष्ट आहे. टॅटूची सुई भरीव असते, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे इथे चिकटवू नका. क्रम तेवढा ध्यानात ठेवा. लोक एचआयव्हीला घाबरतात आणि हेपेटायटिस बीचा विचारही करत नाहीत. सुकलेल्या रक्तात तो विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस टिकतो. न्यूयॉर्क शहराने १९६१ मध्ये टॅटूवर बंदी घातली ती हेपेटायटिस बीचं कारण देऊन, आणि ती थेट १९९७ मध्ये उठली.

बीसाठी लस आहे. नेहमीच्या पद्धतीत ३ डोस: आज, एका महिन्याने, सहाव्या महिन्यात. हेपेटायटिस सीसाठी लस नाही. सांजवात, मुलीचं लसीचं कार्ड शोधा. धनुर्वाताचंही बघा.

तरी माझ्याकडे येणारे बहुतेक विषाणूवाले नसतात. कोणाला लाल शाईची ॲलर्जी असते, कोणाची जखम पिकलेली असते. लाल रंग सगळ्यांत खोडकर, आणि तो दोन-तीन वर्षांनीही उठू शकतो. चित्रातला नेमका लाल भाग तेवढा फुगून खाजतो, काळा शेजारी निवांत. पाण्याबद्दल शाईफेक म्हणाले त्याचं उदाहरण: २०११ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला १९ जणांच्या नव्या टॅटूवर एकसारखं पुरळ आलं. मायकोबॅक्टेरियम केलोनी नावाचा जिवाणू निघाला. टॅटू काढणाऱ्याकडे स्वच्छता होती, तयार करडी शाईच दूषित होती. तेव्हा कलाकार चांगला असूनही गोष्ट बिघडू शकते. महिनाभर पुरळ जात नसेल आणि साध्या अँटिबायोटिकला दाद देत नसेल तर डॉक्टरांना 'टॅटू केलाय' हे आवर्जून सांगा.

अडाणी_आठ
म्हणजे शाईत काय घालतात हे कोणी तपासत नाही?

शाईफेक
युरोपात तपासतात. ४ जानेवारी २०२२ पासून तिथे टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा आली. एक निळं आणि एक हिरवं रंगद्रव्य वर्षभर उशिरा, जानेवारी २०२३ पासून बंद झालं, कारण पर्यायच सापडत नव्हता. आम्ही खूप बोंब मारली तेव्हा, काम थांबलं नाही पण. निदान एवढं करा: बाटलीवर बॅच नंबर आणि मुदत आहे का बघा आणि तिचा फोटो काढून ठेवा. पुढे काही उठलं तर डॉक्टरांना सांगायला हाताशी काहीतरी असतं.

मी_निमूट
लिहू की नको करत होते. माझं बिघडलंय, म्हणून लिहिते.

कॉलेजात असताना कानाच्या वरच्या कडेला टोचून घेतलं. गनने. दागिन्यांच्या एका दुकानात, काउंटरपाशी उभ्या उभ्या. खट्ट आवाज झाला, मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी उशीला कान लागला की जाग यायला लागली. पाचव्या दिवशी आरशात बघितलं तर कानाच्या घड्याच गायब. नुसती लाल, तुकतुकीत, गरम फुगवटी. कानाची पाळी मात्र जशीच्या तशी होती, ते डॉक्टरांनी लगेच हेरलं. म्हणाले, कूर्चेवरच्या आवरणाला संसर्ग झालाय. दवाखान्यात भरती, शिरेतून औषध, चिरा देऊन पू काढला. कूर्चेचा थोडा भाग गेला तो गेलाच.

आता त्या कानाची वरची कड चुरगळल्यासारखी आहे. केस मोकळे असले की कोणाला दिसत नाही. चष्म्याची दांडी त्या बाजूला नीट बसत नाही, रोज सकाळी आठवण होते.

दुकानदाराने फसवलं असं म्हणणार नाही. त्यालाही माहीत नव्हतं. मी त्याला काहीच विचारलं नव्हतं.

सांजवात
निमूट, वाचून पोटात कालवलं. लिहिलंत म्हणून आभार. मुलीला वाचायला दिलंय.

रोमांच
निमूट यांच्यासारखीच पण सामूहिक घटना २००० मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला झाली. एकाच ठिकाणी कूर्चा टोचून घेतलेल्यांपैकी ७ जणांना स्युडोमोनास जिवाणूचा संसर्ग सिद्ध झाला, आणखी १८ संशयित. उगम सापडला जंतुनाशकाच्या स्प्रेच्या बाटलीत! सिंकपाशी ठेवलेली, पुन्हा पुन्हा भरलेली.

कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, म्हणून संसर्ग झाला की औषध तिथे पोचायला मारामार. आणि गन बोथट स्टड धक्क्याने आरपार घुसवते. बऱ्याच गन प्लास्टिकच्या असतात, ऑटोक्लेव्हमध्ये वितळतील. पिअर्सिंग करायचं ते पोकळ, एकदाच वापरायच्या सुईने. गन दिसली तर परत फिरा. कूर्चेसाठी तर नक्कीच.

एक महत्त्वाचं: टोचलेलं पिकलं तर घाबरून स्वतः दागिना काढू नका. भोक वरून मिटतं आणि पू आत अडकतो. आधी दाखवा. लाली पसरतेय, ताप आलाय, लाल रेघ वर सरकतेय असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

लपंडाव
मी नाव गोंदवलं होतं. कोणाचं ते विचारू नका, त्यानंतर माझं लग्न दुसऱ्याच नावाशी झालं.

लेसरने काढतोय. सात बैठका झाल्या, दोन बैठकांत सहा-आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. काळी अक्षरं फिकी झाली. भोवतीची हिरवी पानं हटायला तयार नाहीत. सध्या हातावर नुसती वेल आहे, नाव नाही. बायको म्हणते, सूचक आहे.

सुरक्षेत हेही धरा, की एकोणिसाव्या वर्षी नाव नको.

कोपरखळी
जोडीदारांनीच नावं बदलून घ्यावीत. लेसरपेक्षा स्वस्त.

बेरीजवजाबाकी
दुखण्याचं काय? मी पाठीवर मोठा टॅटू केला तेव्हा बधिर करायचं क्रीम थापून वर तासभर प्लास्टिक गुंडाळलं. काहीही कळलं नाही. सगळ्यांना सुचवतो.

रोमांच
कृपया सुचवू नका! त्यात लिडोकेन हे बधिर करणारं औषध असतं. जास्त तीव्रतेचं, पाठीएवढ्या भागावर, त्यावर प्लास्टिक, मग सोललेली कातडी. हे सगळं रक्तात जातं. हृदयाचे ठोके बिघडणं, झटके येणं हे होऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) मार्च २०२४ मध्ये नेमक्या याच क्रीमांबद्दल इशारा दिला होता, ४ टक्क्यांहून जास्त लिडोकेन असलेल्यांबद्दल. तुम्हाला काही झालं नाही याचा आनंद आहे.

बेरीजवजाबाकी
मला नाही झालं हा पुरावा नाही, कबूल. मीच आकडे मागत होतो. सूचना मागे.

नवी_पाटी
नमस्कार, नवीन सदस्य. पूर्ण धागा वाचला नाही. परवा पोटरीवर टॅटू केलाय. शनिवारी मित्रांबरोबर समुद्रावर जायचंय. वॉटरप्रूफ प्लास्टर लावून पोहलं तर चालेल ना?

शाईफेक
नाही.

नवी_पाटी
थोडंसं?

रोमांच
गुडघ्यापर्यंतसुद्धा नाही, पोटरी गुडघ्याखालीच असते. २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ३१ वर्षांच्या माणसाची नोंद आली. पायावरचा टॅटू ५ दिवसांचा, मेक्सिकोच्या आखातात पोहायला उतरला. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा कोमट खाऱ्या पाण्यातला जिवाणू जखमेतून शिरला. तो वाचला नाही. त्याचं यकृत दारूने आधीच खराब होतं, म्हणून इतकं टोकाला गेलं, हे खरं. पण नवा टॅटू म्हणजे उघडी जखम, तिला डिझाइन आहे एवढंच. पोहणं, टब, तलाव सगळं किमान २ ते ४ आठवडे बंद. अंघोळ चालते.

नवी_पाटी
वाळूत बसेन.

शाईफेक
वाळूपण झटकून. आणि ऊन लागू देऊ नका. झाका, सनस्क्रीन भरून आल्यावर.

गॉज_पीस
आता नंतरच्या काळजीवर बोलूया का? माझ्या भाचीला पिअर्सिंग करणाऱ्याने सांगितलं, रोज दागिना गोल फिरव, नाहीतर चिकटेल. मी म्हटलं, टाक्याचा दोरा रोज ओढून बघतेस का? फिरवायचं नाही. आत नुकती धरलेली कातडी फाटते. ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक मिठाचं पाणी दिवसातून दोनदा, सुकवायला स्वच्छ कागद, बस. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट नको. जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतं.

शाईफेक
टॅटूचंही तसंच. सौम्य साबण, पाणी, थापटून कोरडं, बिनवासाच्या लोशनचा पातळ थर. चमकेल इतका लावलात तर जास्त झाला. खपल्या खुडायच्या नाहीत, त्यांच्याबरोबर रंग निघतो आणि मग लोक माझ्याकडे येऊन म्हणतात शाई वाईट होती.

मी चिकटणारी पारदर्शक फिल्म लावून ३-४ दिवसांनी काढायला सांगतो.

लपंडाव
त्या फिल्मखाली मला चौकोनी पुरळ आलं होतं. बरोब्बर फिल्मच्या कडेपर्यंत, पट्टीने आखल्यासारखं. तेव्हापासून उघडं ठेवणाऱ्यांच्या पक्षात.

शाईफेक
चिकटद्रव्याची ॲलर्जी. असं झालं की लगेच काढायची. बाकीच्यांना बरी पडते, कपडे आणि चादरी वाचतात. आमच्यात यावरून दोन तट आहेत आणि दोन्हीकडे टॅटू भरून येतात.

मी_निमूट
दागिन्याच्या धातूबद्दल कोणी बोललं नाही. 'सर्जिकल स्टील' असं लिहिलेलं असलं की निर्धास्त का?

रोमांच
नाही. तो शब्द ढिला आहे, कोणीही लिहू शकतो. त्या स्टीलमध्ये निकेल असतंच, बहुधा १० टक्क्यांच्या वर. चांगल्या स्टीलमधून ते फारसं सुटत नाही, पण ज्यांना निकेल सोसत नाही त्यांचं ताजं भोक महिनोन् महिने ओलसर राहतं. युरोपात टोचलेल्या भोकात घालायच्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच निकेल सुटायला हवं असा नियम आहे. सरळ इम्प्लांटचं टायटॅनियम मागा, एएसटीएम एफ१३६ असं मानकाचं नाव घेऊन. ज्याला ते ऐकून माहीत आहे तो बहुतेक बाकीचंही नीट करत असतो.

पहिला बार, म्हणजे दागिन्याची दांडी, थोडा लांबच घालतात, सूज यायला जागा हवी म्हणून. सूज उतरली की आखूड बदलून घ्यायचा. हे लोक विसरतात, मग लांब बार केसांत, टॉवेलात अडकून भोक तिरकं होतं आणि शेजारी गाठ येते. ती आली की सगळे 'केलॉइड' म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा ती चिडलेली जखम असते, कारण गेलं की बसते. खरा केलॉइड महिन्यांनी येतो आणि जखमेची हद्द ओलांडून वाढत जातो. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात तसा झालेला असेल तर कूर्चेच्या वाटेला जाऊच नका.

पाळी ६-८ आठवड्यांत भरते, कूर्चेला ६ महिने ते वर्ष.

सांजवात
वर्ष?! हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

रोमांच
आणि एवढा काळ त्या कुशीवर झोपायचं नाही. आणखी कोणी थांबावं तेही लिहिते: गर्भवती, साखर आटोक्यात नसलेले, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले, हृदयाची झडप बदललेले, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणारे. सोरायसिस असेल तर टोचलेल्या जागीच नवा चट्टा उठू शकतो. तिळावर टॅटू कधीच नको, पुढे तीळ बदलला तर आम्हाला दिसणार नाही.

अडाणी_आठ
रक्तदान करता येतं का नंतर? मी दर तीन-चार महिन्यांनी करतो, म्हणून विचारलं.

गॉज_पीस
येतं, थांबून. ब्रिटनमध्ये ४ महिने, कुठे त्याहून जास्त. त्या त्या रक्तपेढीला विचारायचं.

कोपरखळी
अवांतर: आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या ओत्झी नावाच्या ममीच्या अंगावर ६१ टॅटू होते. ५ हजार वर्षांपूर्वी. ना ऑटोक्लेव्ह, ना हातमोजे, ना स्पोअर टेस्टची वही. तरी टॅटूने मेला नाही.

बेरीजवजाबाकी
मागून खांद्यात बाण लागून मेला.

कोपरखळी
कलाकाराला पैसे दिले नसतील.

सांजवात
(सात आठवड्यांनी) धागा वर काढतेय, कारण वृत्तांत द्यायचा राहिला होता.

लसीचं कार्ड सापडलं. धनुर्वात होतं, हेपेटायटिस बी नव्हतं. आधी पहिला डोस घेतला, महिन्याने दुसरा. तोपर्यंत तीन जागा बघितल्या. पहिलीकडे (ती चकचकीत) स्पोअर टेस्ट विचारली तर तो म्हणाला, "ती फक्त ऑपरेशनवाल्यांना लागते." दुसरीकडे सगळं नीट चाललं होतं, ऑटोक्लेव्हही दाखवला. मुलगी खुर्चीत बसली, कानावर पेनाने ठिपका काढला. त्या बाईंनी मोजे घातले, सुईचं पाकीट हातात घेतलं, आणि मग केस डोळ्यांवर आले म्हणून त्याच मोज्यांनी मागे सारले. मी काही बोलणार इतक्यात लेक म्हणाली, "मोजे बदलता का प्लीज?" बाई म्हणाल्या, "अगं, काही होत नाही." लेक उठली. ठिपका घेऊनच घरी आलो. मला तर बोलायचाच संकोच वाटत होता, खरं सांगते. इतका वेळ त्यांनी दिला, आता कसं उठायचं, असं.

तिसरीकडे झालं. पोकळ सुई, टायटॅनियमचा बार. तिथल्या माणसाने मोजे चार वेळा बदलले, मी मोजले. वही दाखवली. आखूड बारची तारीख आधीच लिहून दिलीय. कान ठीक आहे, किंचित लाल. टॅटू तिसऱ्या डोसनंतर. दरम्यान तिने डिझाइन तीनदा बदललंय.

गॉज_पीस
वही दाखवली!! मला त्यांना भेटायचंय.

मी_निमूट
लेकीला शाबासकी सांगा माझ्याकडून.

अडाणी_आठ
एक विचारायचं होतं. हा अख्खा धागा मी नातीला पाठवला, म्हटलं पुढेमागे कामाला येईल. तिचं उत्तर आलं, "आजोबा, माझा टॅटू दोन वर्षांपूर्वीचा आहे." कुठे केला विचारलं तर म्हणाली एका मित्राच्या खोलीवर, त्याने मशीन ऑनलाइन मागवलं होतं. शरीरावर कुठे ते विचारलं नाही. आता दोन वर्षांनी तपासून काही कळतं का?

रोमांच
कळतं, अगदी नीट. हेपेटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तिन्ही एकाच वेळच्या रक्तात बघता येतात. दोन वर्षं म्हणजे चाचणीत दिसायला लागणारा काळ केव्हाच उलटून गेलाय, तेव्हा निकाल स्पष्ट येईल. बी नसेल तर लस सुरू करा. सी निघालाच तर आता गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. रागावू नका तिला.

अडाणी_आठ
रागावलो नाही. उद्या सकाळी जातोय लॅबमध्ये. मलाही बरोबर ये म्हणाली, तिला रक्त काढायच्या सुईची भीती वाटते.